म्युराची घोडदौड आणि घोड्यांचा हिशेब

रिकीब (धागाकर्ता)

नेपोलियनच्या घोडदळाचा सेनापती जोआकिम म्युरा याचं नाव निघालं की आधी त्याच्या कपड्यांची चर्चा होते. पिसांचे तुरे, जरीचे अंगरखे, रंगीत बूट. मग त्याच्या शौर्याची होते. त्याने लढाईआधी आणि लढाईनंतर घोडी कशी ठेवली, याबद्दल मात्र फार कमी लिहिलं जातं. मला त्यावरच लिहायचं आहे.

मी घोड्यावर बसायला चाळिशीत शिकलो. आमच्या वस्तादांनी पहिले पंधरा दिवस खोगिरावर बसूच दिलं नाही. खरारा करा, खूर साफ करा, तोबरा बांधा, पाणी दाखवा. स्वाराने घोड्याआधी पाणी प्यायलं तर ते चिडायचे. तेव्हापासून घोडदळाची कुठलीही लढाई वाचताना त्या दिवशी जनावरांनी काय खाल्लं होतं हे मी आधी शोधतो. म्युराची सगळी कारकीर्द तशी वाचली तर ती वेगळीच दिसते.

जन्म २५ मार्च १७६७, नैऋत्य फ्रान्समधल्या ला बास्तीद-फोर्त्युनिएर या गावी. आज त्या गावाला त्याचंच नाव आहे, लाबास्तीद-म्युरा. बाप सराय चालवायचा. मुलाने पाद्री व्हावं म्हणून त्याला काओर आणि तूलूझला शिकायला धाडलं. १७८७ मध्ये पोरगं ते सोडून हलक्या घोडदळाच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून भरती झालं. क्रांती झाली नसती तर सरायवाल्याच्या मुलाला फार वर चढता आलं नसतं. क्रांतीने वाट उघडली.

नेपोलियनची गाठ पॅरिसमध्येच पडली. ऑक्टोबर १७९५ मध्ये राजपक्षाचे लोक सरकारवर चालून येत होते आणि साब्लोंच्या मैदानावर ४० तोफा उभ्या होत्या. रात्रीतून दौड करून त्या आधी ताब्यात घेण्याचं काम म्युराने केलं. दुसऱ्या दिवशी त्याच तोफांनी बोनापार्टचं नशीब घडवलं. पुढे इटलीत म्युरा त्याचा एडीसी (खास मदतनीस अधिकारी) झाला. इजिप्तमध्ये अबूकीरच्या लढाईत (२५ जुलै १७९९) त्याने तुर्की सेनापती मुस्तफा पाशाला समोरासमोर पकडलं. पाशाची पिस्तुलाची गोळी म्युराच्या जबड्यातून गेली आणि म्युराच्या तलवारीने पाशाची बोटं तुटली. जानेवारी १८०० मध्ये नेपोलियनची बहीण कॅरोलीनशी लग्न, १८०४ मध्ये मार्शल. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन पुढे जातो.

१८०५ मधला एक प्रसंग त्याचा स्वभाव सांगतो. १३ नोव्हेंबरला व्हिएन्नाजवळचा डॅन्यूबवरचा पूल ऑस्ट्रियन लोक उडवून देण्याच्या तयारीत होते. म्युरा आणि दुसरा फ्रेंच मार्शल लान पायी चालत पुलावर गेले, तह झाल्याचं ठासून सांगितलं आणि गोळी न झाडता पूल घेतला. दोनच दिवसांनी रशियन सेनापती कुतुझोवने म्युरालाही तहाचीच बोलणी दाखवून थांबवलं आणि तेवढ्या वेळात आपली मुख्य फौज काढून नेली. नेपोलियनने त्याबद्दल त्याला फार कडक पत्र लिहिलं. पुढ्यातला शत्रू दिसत असेल तोवर म्युरासारखा दुसरा नव्हता. शत्रू दिसेनासा झाला की त्याचा अंदाज चुकायचा.

आता १८०६. माझ्या मते घोडदळाचा सेनापती म्हणून हे त्याचं सर्वात मोठं काम. १४ ऑक्टोबरला येना आणि आउअरश्टेटला प्रशियाची फौज मोडली. मोडलेली फौज पुन्हा उभी राहते, तिला उभं राहू न देणं हे रिसाल्याचं काम. म्युराने ते तीन आठवडे न थांबता केलं. २८ ऑक्टोबरला प्रेन्झलाऊ इथे प्रशियन सेनापती होहेनलोहने सुमारे १०,००० माणसांसह शस्त्रं ठेवली. आपण फार मोठ्या फौजेच्या वेढ्यात आहोत अशी त्याची समजूत म्युराने करून दिली होती आणि होहेनलोहच्याच हाताखालच्या मासेनबाखने चुकीची बातमी आणून तिला दुजोरा दिला. दुसऱ्या दिवशी फ्रेंच सेनापती लासालच्या काही शे हुसारांपुढे (हलक्या स्वारांपुढे) श्टेटिनचा किल्ला शरण आला, आत ५,००० शिबंदी आणि तटावर तोफा असताना. ७ नोव्हेंबरला ल्यूबेकजवळ प्रशियन सेनापती ब्लूखर शरण आला. बाल्टिकच्या किनाऱ्यापर्यंत पाठलाग, आणि मग पाठलाग करायला शत्रूच उरला नाही.

ही दौड घोड्यांनी कशी सोसली? ऋतू होता कापणीनंतरचा. कोठारं भरलेली, वाटेवरची गावं अखंड, रस्ते बरे. दाणा-वैरण जागच्या जागी मिळत होती. आणि थकलेलं जनावर बदलायला पाडाव केलेली प्रशियन घोडी होती. जर्मन घोडी तेव्हा युरोपात उत्तम समजली जात. पॉट्सडॅमला जनरल बूर्सिएच्या देखरेखीखाली मोठा डेपो उभा राहिला. घोड्यांअभावी पायी चाललेले फ्रेंच ड्रॅगून (घोडदळाचे शिपाई) तिथून घोड्यांवर बसून बाहेर पडले.

त्याच घोड्यांवर आयलाऊ झाली. ८ फेब्रुवारी १८०७, पूर्व प्रशिया. आज ते गाव रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतात आहे आणि त्याचं नाव बाग्रातिओनोव्स्क आहे. सकाळी मार्शल ओजरोची कोअर (हजारो सैनिकांची मोठी तुकडी) हिमवादळात दिशा चुकली आणि थेट रशियन तोफांच्या तोंडाशी गेली. काही मिनिटांत ती संपली आणि फ्रेंच फळीच्या मध्यभागी भगदाड पडलं. नेपोलियनकडे तिथे घालायला पायदळ उरलं नव्हतं. त्याने म्युराला पुढे घातलं. सुमारे ८० स्क्वाड्रन, १०,००० हून अधिक स्वार. आधी ग्रूशीचे ड्रॅगून, मग दोपूलचे चिलखती स्वार, मागून बेसिएरचं गार्ड घोडदळ. बर्फात चौखूर उधळता येत नव्हतं, म्हणून बराचसा हल्ला दुडक्या चालीनेच झाला असणार. बर्फाखाली गोठलेली तळी होती आणि घोडी त्यांच्यावरून गेली. रशियन पायदळाच्या दोन फळ्या फोडून ते पलीकडे पोचले, वळले आणि पुन्हा त्याच फळ्यांतून परत आले. दोपूल जबर जखमी होऊन काही दिवसांनी वारला. रशियन मोडले नाहीत, पण फ्रेंच फळी वाचली. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी म्युराला जो मान मिळतो तो पूर्णपणे रास्त आहे.

१८०८ मध्ये तो नेपल्सचा राजा झाला. तो भाग कुणी जाणकाराने लिहावा.

१८१२, रशियावरची स्वारी. नेमान नदी ओलांडताना (२४ जून) म्युराच्या हाताखाली चार घोडदळ कोअर होत्या, सुमारे ४०,००० स्वार. इतकं घोडदळ एकत्र एका माणसाच्या हाती युरोपात क्वचितच आलं असेल. ते मॉस्कोच्या आधीच अर्धमेलं झालं होतं. थंडीने नव्हे. जून-जुलैच्या उन्हाने, पावसाने, उपासमारीने आणि म्युराच्या हुकमांनी. त्याच्या आघाडीच्या पलटणी पहाटे खोगीर कसून उभ्या राहायच्या आणि रात्रीपर्यंत खोगीर उतरायचं नाही. रशियन पिछाडी दिसली की धाव, ती मागे सरली की पुन्हा धाव. पाणी पाजायला, वैरण कापायला उसंत नाही. ऑगस्टअखेर मार्शल दावूने नेपोलियनच्या समोरच म्युराशी भांडण केलं की हा माणूस क्षुल्लक चकमकींत रिसाला वाया घालवतोय. दावूच्या हाताखाली मुख्यतः पायदळ होतं, पण त्याला ते दिसलं. सेनापती नान्सूतीचं एक वाक्य सांगतात: शिपाई भाकरीवाचून लढतील, पण घोड्यांना देशभक्ती नसते, त्यांना ओट लागतात.

या माणसाने दोन्ही टोकं दाखवली. भरल्या मुलखात त्याच्यासारखा दौडवणारा नाही, आणि रिकाम्या मुलखात त्याच्यासारखा संपवणारा नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

कृष्णाकाठ

उत्तम धागा. घोड्यांच्या बाजूने लढाई वाचायची हे पटलं.

शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवलं. पावसाळा तोंडावर आहे, आत्ताच दाणा-गवत मनाला येईल तसं उधळाल तर पुढे पडत्या पावसात काही मिळणार नाही, घोडी मरायला लागतील, आणि 'घोडी तुम्हीच मारिली ऐसे होईल'. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून उंदीर दिव्याची वात पळवेल इथपर्यंत त्यात विचार आहे. घोडी मेली तर दोष कुणाचा, हे त्या पत्रात साफ लिहिलेलं आहे. म्युराच्या छावणीला असं पत्र लिहिणारा कुणी हवा होता.

---

शंकेखोर

माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. रशियात फक्त म्युराची घोडी मेली का? तोफखान्याची मेली, गाड्यांची मेली, दावूच्या कोअरमधलीही मेली. सगळ्या फौजेबरोबर दीड लाखाहून जास्त घोडी होती. एवढ्या जनावरांना त्या विरळ वस्तीच्या मुलखात कुणीच पोसू शकलं नसतं. योजना नेपोलियनची, वेग नेपोलियनचा. आघाडीच्या सेनापतीला शत्रूचा माग सोडू नकोस असा हुकूम असेल तर तो थांबणार कसा? पराभवाचं खापर मेहुण्याच्या डोक्यावर फोडायची जुनी रीत आहे, ती आपण चालवू नये.

---

जनावरांचा डॉक्टर

मी पशुवैद्यक आहे, घोड्यांवर बरंच काम केलंय, म्हणून त्या भागाबद्दल लिहितो.

घोड्याचं पोट फार नाजूक असतं. त्याला उलटी होत नाही. एकदा आत गेलेलं बिघडलं की ते पुढेच सरकायला हवं, नाहीतर पोटशूळ उठतो आणि काही तासांत जनावर दगावतं. कोरड्या चंदीवर असलेल्या घोड्याला अचानक ओलं, हिरवं उभं पीक भरपूर खायला घालणं हे धोक्याचं. १८१२ च्या जूनमध्ये नेमकं तेच झालं. ओट येईनात म्हणून शेतातलं कच्चं राय धान्य कापून घोड्यांपुढे टाकलं. त्यावर महिनाअखेरीला थंड पावसाचं वादळ आलं. उपाशी, पोट बिघडलेली, घामेजलेली घोडी रात्रभर भिजली आणि हजारोंच्या संख्येने मेली. मोहीम सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता.

दुसरी गोष्ट पाठीची. स्वार, खोगीर, हत्यारं आणि सामान मिळून शंभर किलोच्या बऱ्याच वर वजन होतं. ते सोळा-सोळा तास उतरलं नाही तर खोगिराखालची कातडी रक्त न मिळाल्याने मरते. आपल्याकडे 'पाठ लागली' म्हणतात ती हीच. लागलेली पाठ बरी व्हायला आठवडे जातात, आणि त्या काळात त्या घोड्यावर बसणं म्हणजे त्याला संपवणं. घोडा बाहेरून धडधाकट दिसतो, खातोपितो, पण रिसाल्यातून तो गेलेला असतो. म्हणून शंकेखोर यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. चारा नव्हता हा म्युराचा दोष नाही. खोगीर उतरवलं नाही, हा त्याचाच.

---

नकाशावेडी

आयलाऊचा नकाशा समोर ठेवून हा धागा वाचला. मैदान रुंदीला फार मोठं नाही. दहा हजार घोडी एवढ्या जागेत उभी करणं, फळ्यांमधलं अंतर राखणं, वळवणं, पुन्हा गोळा करणं, आणि तेही समोर दिसत नसताना! नुसत्या शौर्याने हे होत नाही. म्युराला घोडदळ हाकायचं कसबच नव्हतं असं लिहिणारे लोक आहेत, त्यांनी हा अर्धा तास नीट पाहावा.

एक प्रश्न. वॉटर्लूला म्युरा असता तर? नेपोलियन सेंट हेलेनावर म्हणाला होता की त्याने इंग्रज पायदळाचे चौकोन फोडले असते.

---

रिकीब

डॉक्टर, मनापासून आभार. मला इतक्या नेमकेपणाने सांगता आलं नसतं.

शंकेखोर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा होता. सगळ्यांचीच घोडी मेली. तरी फरक करायला जागा आहे. बादशहाच्या खाजगी पागेची जबाबदारी कोलँकूरकडे होती. त्याने बर्फावर पाय न घसरणारे नाल वेळीच ठोकून घेतले आणि ती घोडी परतीच्या वाटेवर टिकली. पोलिश स्वारांनीही तसे नाल बसवले होते. बाकीची फ्रेंच घोडी साध्या नालांवर चढावाला घसरून पडत होती आणि पडली की उठत नव्हती. म्हणजे त्याच मोहिमेत, त्याच मुलखात, काळजी घेणाऱ्याला थोडं तरी फळ मिळालं.

आणि विंकोवो पाहा. मॉस्को पडल्यावर महिनाभर म्युराचा तळ शहराच्या दक्षिणेला रशियनांच्या समोर पडून होता. माणसं घोड्यांचं मांस खात होती आणि घोड्यांना छपरांवरचं गवत उपसून घालत होते. समोरचे कोसॅक म्युराचं कौतुक करायचे, त्याला ते आवडायचं, आणि जवळजवळ तह झाल्यासारखंच वातावरण होतं. १८ ऑक्टोबरला पहाटे ओर्लोव-देनिसोवचे कोसॅक जंगलातून डाव्या बगलेवर आले. ३० हून जास्त तोफा गेल्या. म्युरा स्वतः शर्थीने लढून बाहेर पडला, नेहमीसारखाच. पण घोडदळाच्या सेनापतीच्या तळावर घोडदळाने अचानक छापा घालावा, याला कारण चौक्या-पहारे ढिले होते हेच. दुसऱ्या दिवशी नेपोलियनने मॉस्को सोडलं.

परतीच्या वाटेवर एक तुकडी उभी केली, तिला 'पवित्र स्क्वाड्रन' म्हणत. ज्या अधिकाऱ्यांकडे अजून घोडा शिल्लक होता त्यांची ती होती. त्यात जनरल लोक कॅप्टनचं काम करत होते. जूनमध्ये ४०,००० स्वार, आणि नोव्हेंबरात काही शे अधिकारी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून बराच वेळ बसून राहिलो होतो.

नकाशावेडी, वॉटर्लूबद्दल मला शंका आहे. आयलाऊला रशियन पायदळ फळीत होतं, हिमवादळाने त्यांनाही दिसत नव्हतं, आणि हल्ल्यात ताकद एकवटलेली होती. वॉटर्लूला फ्रेंच घोडदळ घेऊन मार्शल ने दुपारी चारच्या सुमारास निघाला तेव्हा समोर चौकोन बांधून तयार उभे होते. सोबत पुरेसं पायदळ नव्हतं आणि पुरेसा घोडतोफखानाही नव्हता. संगिनींच्या भिंतीवर घोडा स्वतःहून जात नाही, कुणीही टाच मारली तरी. म्युराने कदाचित पायदळ सोबत मागितलं असतं. त्याने फरक पडला असता, नुसत्या म्युराने नाही.

---

उत्तरपेठ

पानिपतावर भाऊसाहेबांच्या छावणीत शेवटच्या आठवड्यांत घोड्यांची जी दशा झाली ती आठवली. धावण्यासाठी असलेली फौज एका जागी बांधली गेली आणि दाणा-वैरण तुटली. १४ जानेवारी १७६१ ला कित्येक घोडी उपाशीच रणात उतरली. विंकोवोचं वर्णन वाचून अंगावर काटा आला.

---

शंकेखोर

नालांचं उदाहरण मान्य. पहाऱ्याचंही मान्य. मग प्रश्न असा की या सगळ्याचा युद्धाच्या निकालावर परिणाम किती? माणसंही लाखोंनी गेली होती. घोडी जगली असती तरी १८१३ वेगळं झालं असतं का?

---

रिकीब

माझ्या मते हो, आणि बराच परिणाम झाला. माणसं नेपोलियनने चार महिन्यांत नवी उभी केली. पोरंच होती, पण बंदूक धरून उभी राहत होती. चार वर्षांचं घोडं चार महिन्यांत तयार होत नाही, आणि त्याच्यावर बसणारा तर त्याहून नाही. २ मे १८१३ ला ल्यूट्झेन आणि २०-२१ मेला बाउट्झेन, दोन्ही लढाया त्याने जिंकल्या. दोन्ही वेळा प्रशियन आणि रशियन फौजा शिस्तीत निघून गेल्या, कारण पाठलागाला घोडदळ नव्हतं. १८०६ शी ताडून पाहा. तेव्हा येनानंतर तीन आठवड्यांत राज्य कोसळलं. आता दोन विजय मिळूनही हाती काही आलं नाही आणि ४ जूनला त्याला युद्धविराम करावा लागला. त्या विरामात ऑस्ट्रिया विरुद्ध बाजूच्या आणखी जवळ सरकला आणि ऑगस्टमध्ये युद्धात उतरला.

म्युरा स्वतः जानेवारीतच उरलेली फौज नेपोलियनचा सावत्र मुलगा यूजेन याच्या हवाली करून नेपल्सला निघून गेला होता. नेपोलियन फार संतापला. ऑगस्टमध्ये म्युरा परत आला आणि ड्रेस्डेनला (२७ ऑगस्ट) पुन्हा जुना म्युरा दिसला. मुसळधार पावसात ऑस्ट्रियन पायदळाच्या बंदुकांची दारू भिजली होती. त्याने त्यांची डावी बाजू कापून काढली आणि हजारोंना पाडाव केलं. जनावरं नवी होती, स्वार कच्चे होते, तरी जमलं. लाइपझिगनंतर मात्र त्याने साथ सोडली आणि जानेवारी १८१४ मध्ये आपलं राज्य वाचवण्यासाठी ऑस्ट्रियाशी तह केला.

---

दूरदेशी

कामानिमित्त काही वर्षं दक्षिण इटलीत होतो, म्हणून नेपल्सचा भाग मी थोडा भरतो. तिथे म्युराची आठवण फ्रान्सपेक्षा वेगळी आहे. बारी शहरात जुन्या गल्ल्यांच्या बाहेर सरळ काटकोनी रस्त्यांचा भाग आहे, त्याला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. त्याची पायाभरणी १८१३ मधली. नेपल्सला पूल आणि रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची शाळा १८११ मध्ये त्याच्या राजवटीत निघाली. लोक म्हणतात, परका होता पण काम केलं.

पित्सोचा किल्लाही पाहिला. कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावरचं लहान गाव. १८१५ च्या मे महिन्यात तोलेन्तिनोला ऑस्ट्रियाकडून हरल्यावर त्याचं राज्य गेलं. मदतीला येतो म्हटलं तर नेपोलियनने त्याला जवळ केलं नाही. वॉटर्लूनंतर तो कोर्सिकात लपला आणि ८ ऑक्टोबरला मूठभर माणसं घेऊन पित्सोला उतरला. राज्य परत मिळेल अशी आशा होती. गावकऱ्यांनीच त्याला धरलं. पाच दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, किल्ल्यात गोळ्या घातल्या. डोळ्यांवर पट्टी बांधू दिली नाही आणि चेहरा सोडून छातीवर नेम धरा असं सांगितलं, अशी आठवण तिथे सांगतात. ती कोठडी अगदी लहान आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो.

---

कृष्णाकाठ

दूरदेशी, हे फार छान लिहिलंत.

रिकीब, एक विचारायचं राहिलं. सरायवाल्याचा मुलगा म्हणजे लहानपणी वाटसरूंच्या घोड्यांना दाणा-पाणी करतच वाढला असणार ना? मग तो हे विसरला कसा?

---

रिकीब

मला तोच प्रश्न सगळ्यात जास्त छळतो. माझा अंदाज असा की इटली आणि जर्मनीत त्याला पंधरा वर्षं नेहमी दुसरा घोडा मिळत गेला. पाडाव केलेला, गावातून उचललेला, डेपोतून आलेला. सरायीत बांधलेला घोडा एकच असतो, तो मेला तर वाटसरू अडकतो. मार्शलच्या मागे मात्र नवी घोडी घेऊन मोतद्दार उभे असत. मॉस्कोच्या वाटेवर ती मागून येणारी घोडी पहिल्यांदाच संपली.